मुंगी न लागणारं तेल

मी एक जुनी लोखंडी कढई आहे, मित्रांनो. बूड काळं, तोंड पसरट, दोन बाजूंना दोन कान. कान असून हिला ऐकू येत नाही असं माणसं समजतात. खोटं आहे. मी सगळं ऐकते, फक्त उलट बोलत नाही. आणि चटका म्हणाल तर तो मला लागतच नाही. खाली जाळ, पोटात खदखदणारं तेल, आणि मी आपली गप. तेव्हा या गोष्टीत मी कुठं रडले नाही तर मला दगडाच्या काळजाची म्हणू नका. लोखंडाच्या म्हणा.

माझा जन्म गोंदियाचा. एका लोहारानं जाड पत्रा ठोकून ठोकून मला खोलगट केलं, कान जोडले आणि दुकानाच्या दारात टांगलं. १९९९ साली दिवाळी झाल्यावर कवडूनं मला विकत घेतलं. कवडू म्हणजे अर्जुनी मोरगावकडच्या एका खेड्यातला ढिवर. तलावात जाळं टाकायचं आणि गावात टोप्या उडवायच्या, ही त्याची दोन कामं. एसटीत मला ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्यानं मला सरळ डोक्यावर पालथी घातली आणि दांड्याला धरून उभा राहिला.

कंडक्टर आला. "ये क्या है भैया?"

"टोपी होय साहेब."

"टोपी का आधा टिकट लगेगा."

"मंग टोपीले सीटबी द्या. खिडकीजवळची. तिले उलटी होते."

सगळी गाडी हसली. कंडक्टरही हसला आणि पुढं गेला. आपलं आयुष्य असंच मजेत जाणार, असं मला तेव्हा वाटलं.

घरी पोचल्यावर कवडूच्या बायकोनं, पुष्पाबाईनं, मला बोटांनी वाजवून बघितलं. "अजी, येवढी मोठी कायले? मले उकडता का हिच्यात?"

"तू मावत असशीन त उकडून पायतो."

अशी माझी गृहप्रवेशाची पूजा झाली.

माझं काम एकच होतं, मासोळीचं तेल काढायचं. उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की ढिवरांची सोसायटी मोठे मासे काढायची. कतला चिरला की त्याच्या पोटातून चरबीच्या पिवळसर पट्ट्या निघतात. बाकीच्या बाया त्या कुत्र्यापुढं टाकत. पुष्पाबाई घमेलं घेऊन सगळ्यांच्या मागं फिरायची आणि गोळा करून आणायची. माझ्यात थोडं पाणी, त्यात चरबी, मूठभर ओवा, ठेचलेला लसूण, खाली मंद जाळ. पाणी असेपर्यंत चरबी तडतडत राहते. तडतड थांबली की समजायचं, पाणी गेलं, तेल राहिलं. पुष्पाबाई कान देऊन बसायची आणि आवाज बंद झाला की फडक्यानं माझे कान धरून मला खाली उतरवायची. मग जुन्या लुगड्याच्या तुकड्यात चोथा बांधून दोन्ही हातांनी पिळायची. तेल कोपरापर्यंत ओघळायचं. हातमोजे तिनं टीव्हीतल्या डॉक्टरांच्याच हातात पाहिलेले.

वास म्हणाल तर असा की आलेला पाहुणा चहा न घेताच उठायचा. "साखर वाचते आपली," कवडू म्हणायचा.

पण तेल चोख होतं. म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना, बैलांच्या खुरांना, डोंग्याच्या म्हणजे होडीच्या लाकडाला, सगळ्याला ते चालायचं. आणि गावात एक रीत होती. नव्या तेलाची पहिली शिशी ज्या घरी पाळणा हलत असेल त्या घरी जायची. बाळाला चोळायला. तिला पाळण्याची शिशी म्हणत. तिचं मोल कोणी विचारायचं नाही आणि घेणाऱ्यानं ती नाही म्हणायची नाही. पुष्पाबाई ही शिशी डोक्यावर पदर घेऊन, चपला काढून द्यायची. बाकीचं तेल ती विकायची. पण तिचा मान होता तो या शिशीत.

काम झालं की मला अंगणात भिंतीला टेकवून ठेवत. मग मुंग्यांची रांग यायची, मागून शेजारची मनी मांजर यायची, आणि दोघी मिळून मला अशी लख्ख करायच्या की घासायला राख लागायची नाही. ते माझे सुखाचे दिवस, मित्रांनो. सुख म्हणजे मला वाटतं तेवढंच. पोट साफ, अंगावर ऊन.

आमचं घर तलावाच्या पाळीखालीच, म्हणजे मातीच्या बांधाच्या पायथ्याशी. तलाव बांधला देवचंदच्या पणज्यानं. देवचंद हा गावातला मोठा शेतकरी, कोहळी. या लोकांनी आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले, त्यामुळं तलावाबद्दल बोलताना देवचंदची मान आपोआप वर जायची. त्याच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, तलावाच्या वरच्या अंगाला. पावसाचं पाणी बांधीतून बांधीत उतरत शेवटी तलावातच यायचं. आधी तिथं एक धान व्हायचं. मग उन्हाळीही घ्यायला लागले. दोन पिकं आली तशी तुडतुडा आला, गादमाशी आली, आणि त्यांच्या मागून पाठीवरचे पंप आले. देवचंदच फवारायचा असं नाही. सगळेच फवारायचे. पंप रिकामा झाला की तलावाच्या काठाला बसून खळखळ धुवायचे, उरलेलं पाणी तिथंच.

यातलं काही माझ्यापर्यंत पोचेल असं कोणाला वाटलं नव्हतं. मलाही नाही.

एका उन्हाळ्यात तेल काढून मला भिंतीला टेकवलं आणि मुंग्या आल्याच नाहीत. पुष्पाबाईनं दोनदा वाकून बघितलं.

"अजी, यंदा मुंगी नाही लागून राहिली तेलाले."

"एकादस असन तिची," कवडू जाळं विणता विणता म्हणाला.

मनी आली. एकदा चाटलं, शिंकली, आणि पायात पाय अडकवत कुंपणाकडं चालली. "पाय ना वो," कवडू म्हणाला, "मनी आज मोहाची घेऊन आली वाटते." सगळे हसले. मनी नंतर आमच्या अंगणात दिसली नाही. कोणी विचारलं नाही. मांजरीचं काय, आज इथं, उद्या तिथं.

तेवढ्यात गुडघ्याला हात लावत देवचंद तेलासाठी आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मान डोलावली. "अवो बाई, चोख्या मालाले मुंगी जुठं करत नाही. भेसळीच्या तेलाले पाय, कशी झोंबते!"

झालं. गावात निकाल लागला. पुष्पाबाईचं तेल मुंगीही उष्टं करत नाही! हा निकाल मंडईपर्यंत गेला. आपल्याकडं दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्रभर दंडारीचं नाटक होतं, पाहुणेराहुणे येतात. त्या मंडईत कवडू शिशा मांडून ओरडायचा, "या जी या, मुंगीची परीक्षा! मुंगी सोडा, साखर आणा, तेल पाडा, मुंगी पळाली नाही त माही मिशी घेऊन जा!" आणि मुंगी खरंच पळायची. लोक टाळ्या वाजवायचे. बैलाला चोळलं की गोचीड गळून पडायचे. पोरींच्या डोक्याला लावलं की उवा मरायच्या. मच्छर अंगावर बसायचे नाहीत. दर वर्षी तेलात ताकद वाढत चालली, असं लोक म्हणायचे. बरोबरच म्हणायचे.

मग ते वर्ष आलं, २००९ च्या आसपासचं. धान पोटरीत होतं, लोंब्या फुटायच्या बेतात, सगळ्यांची फवारणी नुकतीच उरकली होती, आणि दिवसभर दणकून पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी तलावभर पांढरी पोटं. कतला, रोहू, सगळे उताणे. काही मेलेले, काही तोंड वर काढून गोल गोल फिरणारे.

पाळीवर गाव जमलं. सोसायटीचा बकाराम डोक्याला हात लावून बसला. "खाऊ नका रे कोनी. औषधानं मेल्या या मासोऱ्या. पुरून टाका."

तेव्हा पुष्पाबाई म्हणाली, "खाऊ नका, बराबर आहे. पन तेल त काढू. तेल आगीतून निंघते. आगीत का उरते?"

लोक एकमेकांकडं बघायला लागले. देवचंद म्हणाला, "सोळा आना बोलली बाई. पानी उकळून पेलं त बिमारी मरते, मंग हे त दिवसभर कढते."

कोणाला चूक वाटलं नाही. चूक वाटायचं कारणही नव्हतं. बाळाचं दूध उकळूनच देतात, बाळंतिणीचं पाणी उकळूनच देतात. आगीवर चढलेलं ते शुद्ध, हे त्यांच्या आज्यापणज्यांपासूनचं. मासे पुरले, चरबी माझ्याकडं आली. आयुष्यात एवढं तेल मी कधी काढलं नव्हतं. तडतड, तडतड, आणि मग शांत. पाणी उडून गेलं. जे पाण्याबरोबर उडणारं नव्हतं ते खाली राहिलं, जास्त घट्ट होऊन. माझ्या लोखंडाच्या रंध्रारंध्रात बसलं. मला काही झालं नाही. मला काय होणार?

त्या दिवाळीला पाळण्याची शिशी देवचंदच्याच घरी गेली. त्याला नातू झाला होता. पुष्पाबाईनं चपला काढून शिशी दिली, देवचंदच्या सुनेनं पदरात घेतली.

आणि गुडघे? अहो, गुडघ्यांचा तर चमत्कार झाला. देवचंद काठी न घेता आमच्या अंगणात आला. "कवडू लेका, का तेल काढलं रे यंदा! दुखनं त सोड, गुडघा हाये का नाही तेच समजून नाही राहिलं!"

"पाहून घ्या भाऊ," कवडू म्हणाला, "घरी विसरून आले असान."

असे हसले दोघं. मीही त्यातच होते, भिंतीला टेकून. हसणं मला येत नाही म्हणून, नाहीतर हसले असते.

पुष्पाबाई तेवढी हसली नाही. तिच्या बोटांना काही दिवस मुंग्या येत होत्या. तेलाला येईनात आणि हाताला येतात, असं कवडूनं म्हणून घेतलंच. मग मुंग्याही थांबल्या. ते बरं झालं असं तिला वाटलं. जेवताना शीत बोटाला चिकटलंय का ते तिला बघून कळायला लागलं. बांगडी भरताना काच लागली, रक्त आलं, ते शेजारणीनं दाखवलं.

हे सगळं मला नंतर जोडता आलं. मला स्वतःला कळलं ते एका सकाळी. थंडीत तेल थिजतं, म्हणून मंडईत विकायच्या शिशा भरण्याआधी तिनं मला चुलीवर चढवलं होतं. तेल पातळ झालं, कढलं, आणि तिनं मला उतरवलं. फडक्याशिवाय. दोन्ही उघडे तळवे माझ्या दोन्ही कानांवर. मी लालबुंद नव्हते, पण चरचरेल एवढी तापलेली होते. चरचरलंही. ती सावकाश चालत गेली, मला खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि शिशा मांडायला लागली. फोड आलेले तिला मागून दिसले. त्यावर तिनं तेलच लावलं.

मला बोलता आलं असतं तर तेव्हा बोलले असते. आलं नाही.

तिची एकुलती एक लेक पुष्पांजली. तिला फुलचूरला दिलेली, गोंदियाला लागूनच. जावई अश्विन तिथल्या एका कॉलेजात नोकरीला. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. पुष्पाबाईनं गावातल्या सगळ्या पाळण्यांना शिशा दिल्या आणि दर वेळी घरी येऊन गप्प बसली. त्या हिवाळ्यात अखेर पुष्पांजली बाळंतपणाला माहेरी आली. माघात मुलगी झाली. कवडूनं पाळीवर उभं राहून साऱ्या गावाला ओरडून सांगितलं, आणि म्हशीलाही गूळ चारला.

पाळण्याची शिशी या वेळी आपल्याच घरी.

पुष्पाबाईनं तिच्यासाठी वेगळं ठेवलेलं तेल काढलं. त्याच ताकदीच्या वर्षाचं. थिजलेलं होतं, म्हणून माझ्यात घातलं. जाळ घातला. वितळलं, वाफा आल्या. तिनं वाटीत काढून घेतलं, पाट मांडला, नातीला पायावर उताणं घेतलं. बाळाचं तेल आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं, हे कोणत्याही आजीला सांगावं लागत नाही. तिनं लावलं. थांबली. परत लावलं.

"कोंबट हाये," ती म्हणाली आणि वाटी बाळाच्या पोटाकडं नेली.

पुष्पांजली बाजूला बसली होती. वाटीतून निघणारी वाफ तिला दिसली. "थांब ना वो आई!" म्हणत तिनं मध्येच बोट बुडवलं आणि किंचाळून वाटी उडवली. तेल माझ्यावर, चुलीवर, भिंतीवर. बाळावर नाही. बाळ दचकून रडायला लागलं.

"आई! आग होय हे! तुले समजून नाही राहिलं?"

"कोंबट होतं वो..."

पुष्पांजलीनं आईचं मनगट उलटं केलं. तिथं लाल चट्टा उठत होता. मग तळवे बघितले. जुने फोड, त्यांच्यावर नवे, काही फुटलेले. तिनं आईच्या बोटाला चिमटा घेतला. जोरात. पुष्पाबाई तिच्या तोंडाकडं बघत राहिली.

"काऊन पायतेस अशी? का केलं तू?" तिनं विचारलं.

पुष्पांजलीनं बाळ उचललं आणि कवडूला हाक मारली.

गोंदियाच्या डॉक्टरनं हात तपासले. नसा सुकत चालल्यात म्हणाला. साखर बघितली, कुष्ठाची तपासणी केली, काही नाही. रोज कशात हात असतात ते विचारलं. कवडूनं छाती काढून सांगितलं, "तेलात जी. येकदम चोख. मुंगी नाही लागत." डॉक्टरनं पेन खाली ठेवलं आणि एक शिशी आणायला सांगितली. अश्विनच्या कॉलेजातल्या सरांनी ती नागपूरला तपासायला पाठवली.

उत्तर घेऊन अश्विन स्वतः आला. माझ्या शेजारीच खाटेवर बसून त्यानं सांगितलं, म्हणून मला माहीत.

"मामाजी, धानावर मारतात ती औषधं आहेत तेलात. एक नाही, तीन जातीची. तलावाच्या पाण्यात अगदी थोडी. मासोळीच्या मांसात त्याहून जास्त. पण हे औषध चरबीत जाऊन बसतं. म्हणून तेलात सगळ्यात जास्त."

"जवाईबापू, पन आगीवर..."

"आगीनं पाणी उडालं, मामाजी. औषध नाही उडालं. आपण आटवून आटवून ते घट्ट केलं."

कवडूनं विकायच्या शिशा उचलून कोपऱ्यात सरकवल्या.

पुष्पाबाई हात मांडीवर ठेवून बसली होती. तिनं एवढंच विचारलं, "मंग पाळन्याच्या शिशा?"



दुसऱ्या दिवशी देवचंद आला. हातात रिकामी शिशी. "पुष्पाबाई, नातवाची शिशी सरली वो. भरून दे. पोट्टं अजून बसत नाही, मान टाकते. माही बायको म्हनते जरा जास्त चोळू, हाडात जीव येईन."

पुष्पाबाई उभी राहिली. तिचा आवाज सपाट होता, माझ्या बुडासारखा. "नाही देत, भाऊ. घरी उरलं असन तेबी परत आना. पोराले लावू नका. त्याच्यात औषध हाये धानाचं."

"कोन म्हनते?"

"नागपूरवाले म्हनतात. माहे हात म्हनतात." तिनं तळवे पुढं केले.

देवचंद एकदम चढला. "वा वो बाई! मोठ्या झाल्या तुमी! पाळन्याची शिशी कोनी परत मागते? माह्या पनज्यानं खांदला तलाव, त्यातली मासोरी, अन मले नाही म्हनता?"

"तलाव तुमच्या पनज्यानं खांदला. पंप कोन धुते त्यात, भाऊ?"

"सारेच धुतात!"

"हाव. सारेच धुतात. अन मी सारेच्या सारं पिळून बाटलीत भरलं. अन तुमच्या नातवाले मीच देल्लं. माह्या हातानं." तिनं पदर खोचला. "त्याले गोंदियाले न्या. आजच न्या. मी येते संगं."

देवचंदनं शिशी अंगणाच्या कडेला ठेवली, जपून, फुटू नये अशी. जाताना हळूच म्हणाला, "मी न मारीन औषध त बाजूवाला मारतेच. धान जाते मंग." पुष्पाबाई चपला घालून त्याच्या मागं निघाली.

पोराचं काय झालं विचाराल. उशिरा बसलं, उशिरा चाललं. तेलामुळं का आणखी कशामुळं, डॉक्टरनं छातीवर हात ठेवून सांगितलं नाही. आज ते शाळेत जातं. त्याच्या चालीकडं पुष्पाबाई अजून बघत राहते.

त्यानंतर ती घरोघर फिरली. डोक्यावर पदर, हातात पिशवी, प्रत्येक दारात एकच वाक्य, "तेल परत द्या जी." काहींनी दिलं. काहींनी लपवलं, कारण गुडघे दुखत होते. गावातल्याच दुलीचंदच्या म्हाताऱ्या आईनं तर साफ सांगितलं, "बाई, मराले टेकली मी. औषधानं दुखनं मरते ना? मंग राहू दे." जमवलेलं तेल अश्विननं बंद डब्यांत घालून कॉलेजातल्या सरांकडं पोचवलं. जमिनीत ओतलं असतं तर ते पुन्हा तलावातच गेलं असतं, हे आता पुष्पाबाईला सांगावं लागत नव्हतं.

आणि मी?

मी अंगणात पडून राहिले. कोणी राख लावली नाही, कोणी पाणी घातलं नाही. पडून राहण्यात मला काही वाटलं नाही. एक दिवस भंगारवाला आला, ईश्वरदास. गावोगाव सायकल घेऊन फिरणारा, गोंदियाची हिंदी बोलणारा. त्यानं मला उचललं, बोटांनी वाजवलं. "अरे कवडूभाऊ, कढाई तो एक नंबर है! भंगार में क्यों दूँ? हॉटेलवाले को देता हूँ, जलेबी तलेगा. घिसके चकाचक!"

कवडूचे डोळे चमकले. सवय होती. "जलेबीवाल्याले सांग, हिची जलेबी मुंगीबी..." आणि मध्येच तो थांबला. मागं पुष्पाबाई उभी होती.

"ठेव ते खाली," ती ईश्वरदासला म्हणाली.

"अरे बाई, धो के..."

"नाही धुतल्या जात. लोखंडात गेलं ते. ठेव खाली."

ईश्वरदास गेला. कवडू म्हणाला, "मंग हिले ठेवाची काहाले? आज आपन नाही म्हनलं, उद्या आपन नसलो का पोट्टे इकतीन. कोनीतरी घासून भाजी करन हिच्यात."

पुष्पाबाईनं थोडा विचार केला. मग घरातून छन्नी आणि हातोडा आणला. मला अंगणात पालथं घातलं, माझ्या बुडावर मधोमध छन्नी उभी धरली आणि हातोडा कवडूपुढं केला.

"मार."

कवडूनं हातोडा उचलला आणि तसाच धरून राहिला. "हात सरकव वो तू. चुकला त बोटावर बसन."

"मार ना. मले कुठं लागते?"

ती गंमत करत नव्हती. कवडूनं डोळे पुसले आणि मारला. पहिला घाव माझ्यावर बसला. दुसरा तिच्या अंगठ्यावर. ती हलली नाही, छन्नी हलली नाही. कवडूच ओरडला. "राहू दे वो, राहू दे!" तिनं अंगठा बघितला, लुगड्याला पुसला आणि छन्नी पुन्हा तिथंच धरली. शेवटी मला भोक पडलं. रुपयाएवढं, दातेरी, आरपार.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तू गोष्टीच्या शेवटी विनवणी करतात, आम्हाला फेकू नका, घासूनपुसून जपा. मी तसं म्हणणार नाही. मला जपलं म्हणजे दुसऱ्या कोणाला जपलं नाही. माझी कोणी खरी काळजी घेतली असेल तर ती या भोकानं घेतली. तुमच्या घरी औषधाचा डबा असेल, फवारणीची बादली असेल, तर तिलाही असंच करा. धुऊन तिच्यात धान्य भरू नका. पंप तलावाच्या काठाला धुऊ नका. आणि आजीच्या वेळची एखादी साधी चीज अचानक लय भारी काम करायला लागली, तर टाळ्या वाजवायच्या आधी एकदा विचारा, काऊन बापा?

पुष्पांजलीची पोरगी आता सुट्टीत येते, अंगणभर धावते. पुष्पाबाई तिला मांडीवर घेते, दोन्ही हातांनी कवटाळते, आणि मग लेकीला हाक मारते. पुष्पांजली चुलीपुढून उठून येते. आई काय विचारणार ते तिला पाठ आहे, तरी येते.

"पाय ना वो जरा," पुष्पाबाई म्हणते. "लय जोरानं त नाही ना धरलं मी इले?"